मूठ फळीला लागली

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दागिने येतील, ठेवणीतले कपडे येतील. तसलं भाग्य माझं नाही. मी कोंबड्यांनी अंडी घालायची पेटी. मागच्या अंगणात, भिंतीला टेकून, माझी जागा. हल्ली माझ्यात कोणी बसत नाही, त्यामुळे बोलायला मला वेळच वेळ आहे. तुम्हाला ऐकायला वेळ असेल तर ऐका, नसेल तरी मी सांगणारच.

कोपऱ्यावरच्या सुताराने एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून मला ठोकून काढलं. वर उतरतं छप्पर, पुढे बुटकी आडवी पट्टी, आत अंधार. कोंबडीला अंडं घालताना आडोसा लागतो, चारचौघांत तिला ते जमत नाही. या घरात दोन जावा, थोरली आणि धाकटी. मला आणलं ते थोरलीने. कोंबड्याही तिच्याच. धाकटी त्यांना जरा बिचकूनच असायची.

थोरलीचं काम तुम्ही बघायला हवं होतं. सुताराचा रंधा चालला की लाकडाची कुरळी सालपटं निघतात. ती पोतं भरून आणायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि माझ्या पोटात ओतायची. बारीक भुसा मात्र चाळून टाकून द्यायची, त्याची धूळ कोंबड्यांच्या नाकात जाते म्हणून. रोज सकाळी घाण झालेली, ओलावलेली सालपटं वेचून काढायची, तेवढीच नवी घालायची. आणि शेवटी मूठ वळून आत दाबायची. मूठ तळाच्या फळीला लागली की म्हणायची, "छे, हाडं लागतायत. अजून हवं." पुन्हा ओंजळभर ओतायची. कितीही दाबलं तरी मूठ फळीपर्यंत पोचत नाही असं झालं की मगच उठायची. शेजारणी म्हणायच्या, "तुझ्या अंड्याला तडा म्हणून नसतो गं!" मी आपली उगाच फुशारून जायचे.

त्यातली ठिपकी नावाची कोंबडी तिची लाडकी. पिल्लू असताना ती पायाने अधू होती, थोरलीने खोक्यात घालून, दिव्याची ऊब देऊन तिला जगवलं. मोठी झाल्यावर ही बया तिच्या मागेमागे घरभर हिंडायची, पण अंडं घालायला माझ्याकडेच यायची. आधी चोचीने सालपटं इकडची तिकडे करायची, गोल गोल फिरून खळगा करायची, आणि मग सगळा भार माझ्यावर टाकून डोळे मिटायची. तिचं ते वजन मला अजून आठवतं.

मग थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली. निघता निघता धाकटीला म्हणाली, "माझ्या कोंबड्यांना सांभाळ गं बाई. पेटी तेवढी स्वच्छ ठेव, ओल राहू देऊ नकोस." मुठीचं सांगायचं राहूनच गेलं. रोजच्या सवयीचं काम, ते सांगावं लागतं हे कुणाच्या लक्षात येतं?

धाकटी मनाने वाईट नाही हो. सांगितलेलं काम तिने अगदी जीव ओतून केलं. पहिल्याच सकाळी "बाई गं, केवढा हा कचरा!" म्हणत माझ्यातलं सगळं उपसून फेकलं. मला घासलं, पुसलं, वाळवलं आणि आत वर्तमानपत्राचा कागद अंथरला. तो कागद ती रोज बदलायची. ओल नाही, वास नाही. दिसायला मी नवी कोरी, पण कागदाखाली लगेच माझी कडक फळी.

ठिपकी आली. उकरायला गेली तर कागद सरकला, पाय घसरले. तरी बसली बिचारी. अंडं थेट फळीवर आपटलं. टक्क! बलक कागदावर पसरला. तिने वाकून पाहिलं आणि चोच लावली. समोर सांडलेलं तिने टिपलं, त्यात तिला काय कळणार? पुढेही तेच होत राहिलं. अगं, एकदा मूठ घालून बघ, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकतं?

एके दुपारी धाकटीला ठिपकीची बरबटलेली चोच दिसली. "अहो, इकडे या! ही स्वतःचीच अंडी खातेय!"

नवरा आला. म्हणाला, "एकदा चटक लागली की सुटत नाही. बाकीच्याही शिकतील. खाटकाकडे देऊन टाकू."

"ताईंचा फार जीव आहे हो तिच्यावर."

"म्हणून काय सगळ्या बिघडवायच्या?"

तेवढ्यात थोरलीचा फोन आला. धाकटीने स्पीकर लावून तो मला टेकवून ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मला केवढी आशा वाटली म्हणून सांगू!

"पेटी बरी आहे ना गं?"

"आरशासारखी ठेवलीय, ताई."

"शाब्बास! आणि माझी ठिपकी?"

धाकटी जरा अडखळली. "मजेत आहे. तुम्ही निवांत राहा." बाळंतिणीच्या घरी उगाच घोर नको, एवढाच तिचा विचार. फोन बंद झाला आणि माझी आशा संपली.

त्याच संध्याकाळी ठिपकीला पिशवीत घातलं. माणसांची सवय होती तिला, ओरडलीसुद्धा नाही. अंडी मात्र त्यानंतरही फुटत राहिली. मग उरलेल्या कोंबड्या मला सोडून कुंपणाच्या झुडपात बसू लागल्या.

थोरली परतली ती खांद्यावरची पिशवी न उतरवता थेट मागच्या अंगणात. "ठिपके! ए ठिपके!" धाकटीने मान खाली घालून सगळं सांगितलं. थोरली माझ्यासमोर बसली आणि सवयीने मूठ आत घातली. हाडं फळीवर आपटली. टक्क.

मूठ तिथेच ठेवून ती म्हणाली, "अगं, तिची काय चूक होती?"

"मी रोज स्वच्छ करत होते हो, ताई. अगदी रोज," धाकटी रडत म्हणाली.

"हो गं. मीच तसं सांगितलं होतं ना तुला."

मित्रांनो, तुमच्या अंगणात कोंबड्या असतील तर पेटी नुसती डोळ्यांनी बघू नका. आत मूठ दाबून बघा. कोंबडीला दोष देण्याआधी तरी एकदा बघा, कारण तिला सांगता येत नाही आणि मलाही नाही.

थोरली आता रोज ताजी सालपटं घालते आणि मूठ दाबते. मूठ फळीला लागत नाही. पण तिने सकाळी ओतलेली सालपटं संध्याकाळी तशीच्या तशी असतात. त्यांत खळगा पडत नाही.