फाटकापर्यंतचा उतार

मांडीच्या हाडात सळई बसवून कुंदाबाई दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने, अनुपमने व्हीलचेअरसाठी उतार बांधूनच ठेवला होता. ओसरीवरून थेट अंगणात, आखूड आणि उभा. वर न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या गुळगुळीत टाइल्स. अनुपम रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. एकदा सांगितलं की काम झालंच पाहिजे, ही सवय त्याने घरीही आणली होती.

उतार पाहून कुंदाबाईंनी कपाळाला हात लावला. खमरियाच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. उतार आणि घर्षणाचा धडा त्यांना झोपेतही म्हणता आला असता. तो धडा ऐकणाऱ्या पोरांत एके काळी अनुपमही होता, आणि हेच त्यांना जास्त झोंबलं.

पहिल्यांदा खाली उतरतानाच खुर्चीने अनुपमला ओढत नेलं. त्याची चप्पल घसरली, आणि सून मेघना आडवी आली म्हणून खुर्ची फाटकावर आदळली नाही. त्याने चपलेला दोष दिला. मग कुंदाबाई रोज सांगत राहिल्या आणि तो रोज टाळत राहिला. म्हणायचा, "आई, एवढा विचार काहून करून राहिली? मी धरतो ना."

रविवारी मात्र त्यांनी नातीची, समिधाची खेळण्यातली लोखंडी गाडी मागून घेतली आणि अनुपमला फाटकाशी उभं केलं. ओसरीवरून गाडी सोडली. ती सुसाट सुटली, फाटकाखालून निघून गल्लीतल्या नालीत पडली. अनुपमला ती काढून धुऊन आणावी लागली, आणि तेव्हापासूनच त्याचं तोंड वाकडं झालं.

मग त्यांनी टाइल्सवर पोतं अंथरायला लावलं. खरबरीत पोत्यावर गाडीचा वेग कमी झाला, तरी ती फाटकाला धडकलीच.

"अच्छा, मग पोतं टाकू ना," अनुपम म्हणाला.

कुंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलाला सातवीत पास कुणी केलं, असा प्रश्न त्यांना पडला. पोतं टाइल्सवरून सरकेल, पावसात भिजेल, चाकात अडकेल, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. मग मेघनाने पलंगाची लांब फळी आणली आणि ओसरीवरून तिरपी, अंगणात दूरवर टेकवली. या मंद उतारावर गाडी सावकाश आली आणि अंगणातच थांबली.

अनुपमकडे तरीही उत्तर होतं. खेळण्यातली गाडी हलकी, आईचं वजन वेगळं.

"उतार वजन पाहत नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "हलकं काय, भारी काय, सारखंच धावतं. थांबवायला मात्र भारी जास्त जड जातं, आणि थांबवणारा तू आहेस."

एवढा लांब उतार करायला जागाच नाही, असं तो पुटपुटला. अंगण तर रिकामं होतं. शेवटी मेघनाच बोलली: दसऱ्याला नवी मोटार येणार होती, बुक झाली होती, आणि ती उभी राहायची ती याच जागेवर.

कुंदाबाईंचा राग एकदम थकून गेला.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हणाली असती."

"गाडीला कशाला नाही म्हणू? या उताराला म्हणते."

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने टाइल्स फोडल्या. नवा उतार अंगणभर लांब झाला, ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढलेला. दसऱ्याला मोटार आली ती बाहेर गल्लीतल्या कडुनिंबाखाली उभी राहिली, आणि पाखरांना ती फार आवडली. अनुपम रोज सकाळी फडकं घेऊन छत पुसतो आणि पुसताना ऐकू जाईल इतक्या जोरात पुटपुटतो.

कुंदाबाई आता हातांनी चाकं फिरवत स्वतः फाटकापर्यंत जातात आणि ठेलेवाल्याकडून भाजी घेतात. त्याचं पुटपुटणं त्यांना स्पष्ट ऐकू येतं. त्या मेथीची जुडी उलटून-पालटून पाहत राहतात आणि मोठ्या मुश्किलीने गप्प बसतात.