मी कुटलेली कॅप्सूल

मित्रांनो, औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या ओट्यावर, काठाचा टवका उडालेला चिनी मातीचा खल दिसतो ना, तोच मी. टवका कुणाच्या धांदलीने उडाला, ते मी सांगणार नाही. चहाडी करायची मला सवय नाही.

भट्टीतून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. इथे आलो आणि लगेच कामाला जुंपला गेलो. तुरटी, गंधक, कोळसा, गोळ्या, काय काय कुटलं! प्रयोगशाळेच्या मॅडम भुकटी चिमटीत धरून पाहायच्या. खरखर लागली नाही की माझी वाहवा व्हायची. मग दळणारी यंत्रं आली आणि मी धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, फार लागलं मला ते.

म्हणून ढापणीने मला उचललं तेव्हा मी हरखून गेलो. ती तिसऱ्या वर्षाला होती. जाड चष्म्यामुळे सगळा वर्ग तिला याच नावाने हाक मारी. तिच्या मामांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना गिळता येत नव्हतं, सगळं नळीतून द्यावं लागे. जखमेत संसर्ग होऊन ताप येत होता. औषधाची कॅप्सूल नळीतून कशी जाणार? ढापणीने ती उघडली, आतले इवलेसे मणी माझ्यात ओतले आणि जोर लावून कुटले. मीही जीव ओतला. भुकटी अगदी पिठासारखी झाली. दोघंही खूश!

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पाहिलं.

"काय कुटतेस गं?"

"मामांचं औषध, मॅडम. गिळता येत नाही ना त्यांना."

मॅडमनी वेष्टन वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं बाई! हे नॅनो औषध आहे. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म कण त्या मण्यांत भरलेत, आणि त्यांना पोटातल्या आम्लापासून वाचवायला वरून आवरण दिलंय. तू आवरणच फोडलंस. औषध वाटेतच नासतंय!"

"म्हणूनच ताप उतरत नाहीये," ढापणी पुटपुटली. तिने आधी फोन लावला. "मामी, आजचा डोस देऊ नका. चूक माझी आहे. मी डॉक्टरांकडे चाललेय, तुम्हीही या."

डॉक्टर तिला खूप बोलले. मग त्यांनी दुसरं, पातळ औषध लिहून दिलं. पाच दिवस मामांचा ताप हटेना. त्या पाच दिवसांत ढापणी माझ्याकडे बघतही नव्हती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सहाव्या दिवशी ताप उतरला.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही पेटून उठली! तिने प्रश्नांचा कागद काढून वर्गातल्या बावन्न जणांना वाटला. नॅनो औषधांचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. पण अशी कॅप्सूल कुटावी का, याला सत्तेचाळीस जणांनी 'हो, बारीक केलेली बरी' असं लिहिलं. मला यावर वर्ग घेऊ द्या, असं सांगायला ती प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "अभ्यासक्रमात फक्त दोन ओळी आहेत, मी काय करू?" ती पुन्हा गेली. पुन्हा गेली. चौथ्या खेपेला ते वैतागून म्हणाले, "बरं बाई, शनिवारची दुपार घे!"

पहिल्या शनिवारी तिघेच आले. तिने त्या तिघांनाही शिकवलं, आणि स्वतःची चूक सर्वांत आधी सांगितली. आता बसायला बाक पुरत नाहीत. टेबलावर मी असतो. परवा मामा स्वतः आले, शेवटच्या बाकावर बसले आणि तासभर ऐकत राहिले.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणाच्या तरी हातात औषध द्याल. वेष्टन वाचा, कळलं नाही तर विचारा, विचारायला लाजू नका. माझ्यात जे टाकाल ते मी कुटणारच. मला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.