सातवा कागद

रात्री मुलगा आंघोळीला गेला आणि बाथरूममधून पाण्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा नानांनी फाइलीतला सातवा कागद अलगद बाहेर काढला, त्याची तीन पदरी घडी केली आणि खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिला. उरलेले अकरा कागद टेबलावर ठोकून कडेला कड जुळवली, नाडी बांधली आणि फाइल होती तिथे ठेवली. तेहेतीस वर्षं कचेरीत कागद लावण्यात गेली होती. काढण्याची ही पहिलीच वेळ.

सातवा कागद म्हणजे मुलाचं पत्र. वडील माझ्याकडे राहतात, त्यांची सगळी जबाबदारी माझी, त्यांना या देशातली आणखी प्रेक्षणीय स्थळं पाहायची आहेत, तरी त्यांचा पर्यटक व्हिसा तीन महिन्यांनी वाढवून मिळावा, असा छापील मजकूर आणि खाली मुलाची सही. हे पत्र नसेल तर अर्ज खिडकीवरूनच परत करतात, असं माहितीपत्रकाच्या सहाव्या कलमात लिहिलं होतं. परत केलेल्या अर्जाला पुढची वेळ मिळायची तीन आठवड्यांनी, आणि नानांच्या व्हिसाचे दिवस उरले होते नऊ. म्हणजे नाना परत जाणार, आणि कुणी कुणाला 'जा' म्हटलेलं नसणार.

नोकरीत असताना लोक पाठीमागे त्यांना 'त्रुटीसाहेब' म्हणत. अर्ज समोर आला की नाना आधी चष्मा पुसत, मग तितक्याच निगुतीने अर्ज वाचत. कुठे दाखला जोडलेला नसे, कुठे साक्षीदाराची सही राहिलेली असे. तांबड्या शाईत शेरा पडे, त्रुटीपूर्तता करून पुन्हा सादर करावे. माणूस दुष्ट नव्हता. तोंडावर नाही म्हणून एखाद्याला दुखवण्यापेक्षा त्रुटी काढलेली बरी, असं त्यांना मनापासून वाटे. दोष कागदाला लागतो, माणसाला लागत नाही. आणि एखादं काम होण्यातलं नसलंच, तर ते म्हणत, 'अर्ज टाकून ठेवा, बघू.' तेही इतक्या गोड आवाजात, की समोरचा उलट नमस्कार करून जाई.

म्हणून तर महिन्यापूर्वी मुलगा जेवता जेवता बोलला, तेव्हा नानांचा घास हातातच राहिला.

"राहताय का अजून थोडे दिवस? अर्ज टाकून ठेवू. बघू काय होतं ते."

"टाकून ठेवू," नाना म्हणाले आणि पाणी प्यायले.

पुढच्याच रविवारी मुलगा त्यांना एका सल्लागाराकडे घेऊन गेला. सल्लागाराने तीन वाटा सांगितल्या. पहिली, बसने सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात जायचं, एक रात्र काढायची आणि नवा शिक्का घेऊन परत यायचं. अकरा तासांची बस ऐकूनच नानांच्या कमरेने नकार दिला. दुसरी वाट भाषेच्या वर्गात नाव घालून विद्यार्थी व्हायची. यावर मुलगा पहिल्यांदा हसला. "एकाहत्तराव्या वर्षी पाटी-दप्तर. नाना, डबा मी भरून देईन," असं म्हणाला, आणि नानाही हसले. राहिली तिसरी वाट, साधी मुदतवाढ. त्यासाठी बारा कागद.

पर्यटक म्हणून आलेल्या नानांनी सहा महिन्यांत पाहिलं काय, तर कोपऱ्यावरचं दुकान, चौकातलं वाचनालय आणि जिन्याच्या बहात्तर पायऱ्या. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि राहत होता चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. सोनाराने कान टोचावे आणि त्याच्याच बायकोचे कान बुच्चे असावेत, तसं ते होतं. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग एक. तो पहिल्याच दिवशी नानांना मिळाला आणि मुलगा सोफ्यावर गेला. सोफा आखूड, मुलगा लांब. सकाळी तो मान चोळत उठायचा तेव्हा नाना पेपरात डोकं घालायचे.

आणखीही काही गोष्टी होत्या. सुट्टीच्या दिवशी मुलाचे मित्र फोन करत, आणि तो खिडकीशी जाऊन हळू आवाजात म्हणे, "नाही रे, वडील आहेत ना." संध्याकाळी सात वाजता जिन्यावर त्याची पावलं वाजली की नाना लगबगीने जाऊन दार उघडत. मुलगा किल्ली हातात धरून क्षणभर तसाच उभा राही. नानांना वाटे, आपण फार पुढे पुढे करतो. माणसाला स्वतःच्या घराचं कुलूप स्वतः उघडायची सवय असते. पण दुसऱ्या दिवशी पावलं वाजली की पाय पुन्हा दाराकडे वळत.

तिकडे त्यांच्या घराला कुलूप होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. परत जाऊन पहिलं काम म्हणजे थांबलेल्या घड्याळाला किल्ली द्यायची, दुसरं काम त्यांना आठवत नव्हतं. पण तुम्हाला स्वतःला राहायचं आहे काय, असा रकाना अर्जात कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतात तो टेबलावर त्यांचं शाईचं पेन उघडं पडलेलं. टोपण एकीकडे, पेन दुसरीकडे. नाना स्वतःवरच वैतागले. उभ्या आयुष्यात त्यांनी पेन असं टाकलं नव्हतं. वय झालं म्हणतात ते हेच, असं पुटपुटत त्यांनी टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

मुलाने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. बसमध्ये दोघे शेजारी बसले, फाइल नानांच्या मांडीवर. तीन थांबे गेल्यावर मुलगा म्हणाला,

"काल झोपण्यापूर्वी मी चाळली फाइल."

नानांचा हात नाडीवर गेला. "मग? काही त्रुटी?"

"नाही. आहे सगळं."

नाना खिडकीबाहेर पाहू लागले. हा मुलगा विजेचं बिल न वाचता भरतो, औषधाच्या बाटलीवरचं न वाचता औषध घेतो. अकराच कागद असताना 'आहे सगळं' म्हणणाराच तो. त्यांना थोडं हायसं वाटलं, आणि कुठेतरी थोडं लागलंही.

कचेरीत अर्जदाराशिवाय कुणाला काचेच्या दाराआड सोडत नव्हते. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला. नाना आपला आकडा पुकारला जाईपर्यंत उभेच राहिले. समोरच्या खिडकीत पन्नाशीची एक बाई होती. दोरीला अडकवलेला चष्मा, डाव्या हाताशी ओला स्पंज. बोट स्पंजाला लावून ती कागद उलटत होती. नानांना तिचा एकदम भरवसा वाटला. ही बाई सातवा कागद चुकवणार नाही.

त्या देशाची भाषा बोलताना नानांची जीभ अडखळायची, वाचताना आणि ऐकताना मात्र नाही. त्यांनी फाइल सरकवली आणि शेरा ऐकायला कान तयार ठेवले.

पहिला कागद, दुसरा, तिसरा. प्रत्येकावर तिच्या पेन्सिलीची बारीक खूण. सहाव्यावर खूण झाली. बोट स्पंजाकडे गेलं, परत आलं. तिने सातवा कागद उलटला आणि थांबली.

सातवा कागद होता.

वहीतून फाडलेलं, कडेने नीट कापलेलं पान. हाताने लिहिलेलं. काळसर निळी शाई, नानांच्याच पेनातली. अक्षर मुलाचं, शाळा सुटल्यापासून नानांनी ते पाहिलं नव्हतं. ओळी अजूनही उजवीकडे वर चढत होत्या. बाई वाचत होती आणि काचेपलीकडून नाना उलटं वाचत होते. उलटे कागद वाचायची कला कारकुनाला शिकवावी लागत नाही.

'मी लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी सातला घरी येतो. आठ वर्षं मी बाहेरून कुलूप काढून घरात जात होतो. आता दार आतून उघडतं. वडिलांचं या देशातलं काय पाहायचं राहिलं आहे, ते मला माहीत नाही. त्यांनी राहावं.'

खाली नाव, सही, तारीख. तारीख कालची.

बाईने पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून गळ्यात सोडला.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. "तुमचा व्हिसा पर्यटनाचा. वाढीचं कारण पर्यटनच लागतं. यात पर्यटन कुठे आहे?"

"नाही," नाना म्हणाले. ती म्हणत होती ते नियमाला धरूनच होतं. त्यांनीही हेच म्हटलं असतं. अशी किती पत्रं त्यांच्या टेबलावरून परत गेली असतील, याचा ते त्या खिडकीशी उभे राहून विचार करू लागले, आणि त्यातलं एकही त्यांना आठवेना.

तांबडं पेन तिच्या हाताशी होतं. तिने ते उचललं नाही.

"नमुन्यातलं पत्र आहे का तुमच्याकडे?"

तेहेतीस वर्षांत नानांनी समोरच्याला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. जे समोर आहे त्यावर शेरा मारायचा, जे नाही ते विचारायचं नाही, अशी त्यांची रीत. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. नानांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पहिल्यांदा चष्म्याचं घर हाताला लागलं, मग तो कागद. तो बाहेर काढून त्यांनी काचेखालून सरकवला.

"घडी पडलीय याला."

"हो. माझ्याकडून पडली."

बाईने कागद टेबलावर ठेवून तळहाताने दोनदा दाबला. वाचला. सही ताडून पाहिली. पेन्सिलीने खूण केली आणि आठव्याकडे वळली. बाराव्यानंतर शिक्का उमटला आणि पोच नानांच्या हातात आली. निकाल लागेपर्यंत राहता येईल, त्यालाही साधारण महिना लागतो, आणि कागद पुरे असले की सहसा नाही म्हणत नाहीत, असं तिने ठरलेल्या चालीत सांगितलं.

नाना खिडकीपासून हलले नाहीत.

"ते पत्र," ते म्हणाले. जीभ अडखळली. "ते परत मिळेल?"

कचेरीत खिडकीच्या आत गेलेला कागद परत बाहेर येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. बाईने हस्ताक्षरातल्या पानाकडे पाहिलं, मग नानांकडे.

"ते दाखल झालेलंच नाही," ती म्हणाली, आणि तिने पान बाहेर सरकवलं.

नानांनी त्याची घडी केली नाही. हातातल्या मोठ्या कागदी पाकिटातून पासपोर्ट काढून कोटात टाकला, पाकिटात पान सपाट ठेवलं आणि ते दोन्ही हातांनी धरून काचेच्या दाराबाहेर आले. मुलगा उठून उभा राहिला.

"घेतला?"

"घेतला."

"काही त्रुटी?"

"एक होती. पूर्तता केली."

मुलाने मान हलवली. हातातल्या पाकिटाकडे त्याची नजर गेली. थांब्यावर ऊन होतं. बस लांबून येताना दिसली तसे दोघे पुढे झाले.

"पेनाला टोपण लावत जा," नाना म्हणाले. "शाई वाळते."

"बरं," मुलगा म्हणाला, आणि त्यांना आधी चढता यावं म्हणून बाजूला सरकला.