दोन घागरी भरेपर्यंत

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. एका जीपचं. सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात, बद्रीनाथ फिटरच्या गोठ्यात मला दोन ओंडक्यांवर ठेवलं आहे. माझ्या डाव्या कुशीला मुठीएवढं भोक आहे आणि त्यातून एक पाल ये-जा करते. हे भोक कसं पडलं ते लोक चुकीचं सांगतात, म्हणून मीच सांगायचं ठरवलं.

माझी पहिली वर्षं एका सहकारी साखर कारखान्यात गेली. चेअरमन सुंदरराव माझ्या जीपमधून फिरत. ड्रायव्हर होता शहादेव. त्याचा एक नेम होता. साहेबांचा पाय जमिनीला लागायच्या आत इंजिन बंद झालं पाहिजे. साहेब बोलणार, तिथं गाडीनं आवाज करू नये. शहादेव लोकांना अभिमानानं सांगायचा, "माझं इंजिन लई सभ्य हाय. सायबासमोर तोंड उघडत न्हाई." लोक हसायचे, आणि मलाही ते कौतुक वाटायचं. त्या दिवसांत या सवयीनं माझं काही बिघडत नव्हतं.

मग पाऊस हटला. ऊस वाळला, कारखान्याचं गाळप थांबलं, बद्रीनाथसारखे फिटर घरी बसले. सुंदरराव मात्र चेअरमनच राहिले. आता गावच्या सोसायटीचे. माझी जीप सोसायटीच्या गोदामामागे लिंबाखाली उभी राहिली. माझ्या अंगात पाणी साचलं, पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला, चिकटल्या. तीन वर्षं कोणी झाकण उघडून पाहिलं नाही.

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या गावावर डोंगराच्या माथ्याला छत्तीस घरांची एक वस्ती आहे. बद्रीनाथची बायको विमलबाई तिथलीच. तिची आई सुभद्राबाई वर एकटी राहायची. वस्तीचं बोअर आटलं. मोठा टँकर शेवटच्या वळणावर वळत नव्हता, आणि साधी जीप दोन पिंपांच्या वर ओझं चढवत नव्हती. पाणी आलं नाही तर ऊस तोडून नुकतीच परतलेली ती माणसं पुन्हा घरं सोडून जाणार होती.

बद्रीनाथनं सुंदररावांना विचारून मला जीपमधून बाहेर काढलं. त्याचे बैल चारा छावणीत गेले होते, म्हणून गोठा रिकामा होता. आढ्याला चेनकप्पी अडकवून त्यानं मला वर उचललं. विमलबाई दारात उभी राहून म्हणाली, "बैलं छावणीत, आन् ह्या मुडद्याला गोठा."

"मुडदा न्हाई ह्यो. श्वास कमी पडतोय त्याला," बद्रीनाथ म्हणाला.

त्यानं माझे चारही पिस्टन बाहेर काढले. लायनर नवे बसवले. क्रँक घासून आणला, हेड सपाट करून आणलं. प्रत्येक रिंगेच्या तोंडाची फट पातळ पत्तीनं मोजली. एक रिंग केसभर घट्ट निघाली, ती त्यानं कानशीनं सात वेळा घासली आणि सात वेळा मोजली. विमलबाईनं घमेल्यात डिझेल घेऊन माझे सगळे नटबोल्ट धुतले. मला इतकं कोणी कधी निरखलं नव्हतं.

मग त्यानं परळीच्या भंगार बाजारातून एक टर्बो आणला. मित्रांनो, टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन छोटी चाकं. माझ्या धुराच्या जोरानं एक फिरतं, आणि त्याच्याबरोबर फिरणारं दुसरं चाक माझ्यात जास्त हवा दाबून भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जळणार आणि ताकद वाढणार. हा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगतो. ते तेल माझाच पंप पुरवतो. चढ चढून आल्यावर मला लगेच बंद केलं, तर पंप थांबतो, पण चाकं फिरतच राहतात. तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून बंद करण्याआधी दोन मिनिटं मला शांत चालू ठेवायला हवं.

"घड्याळ कोन बघतंय तिथं?" विमलबाई म्हणाली. "दोन घागरी भरेपर्यंत, आसं सांगा. बायांना कळतंय."

बद्रीनाथनं तसंच केलं. मला पुन्हा जीपमध्ये बसवलं, मागे पाण्याची चाकांची टाकी जोडली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं : दोन घागरी भरेपर्यंत इंजिन बंद करू नये.

दोन हजार लिटर पाणी घेऊन मी पहिल्यांदा माथ्यावर गेलो, त्या दिवशी सुभद्राबाईनं पहिली घागर भरली, दुसरी भरली आणि हाताचा पंजा दाखवून ओरडली, "कर रं जावई, आता बंद." सतरा दिवस असंच चाललं. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

अठराव्या दिवशी सुंदररावांनी वस्तीवर कार्यक्रम ठेवला. मी भरल्या टाकीसह चढून आलो, तेव्हा माझा धुराचा पाइप लालबुंद झाला होता. सुंदरराव हार घालून बोलायला उभे होते. माझ्या आवाजामुळे सगळ्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं.

"साहेब, दोन घागरी भरू द्या. मग करतो बंद."

"बद्रीनाथ, आधी कोन बोलनार? ह्ये का मी?"

लोक हसले. बद्रीनाथही कसनुसा हसला. आणि मित्रांनो, ज्यानं मला केसभर फटीपर्यंत मोजलं होतं, त्यानंच चावी फिरवली. भाषण पाऊण तास चाललं. माझ्या अंगातली ती दोन चाकं कोरडी फिरत फिरत थांबली. ते भाषणात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या गाडीवर सोसायटीचा ड्रायव्हर आला, म्हणजे शहादेव. टाकीवर सुंदररावांचा हात जोडलेला मोठा फोटो चिकटवला गेला. तो नेमका त्या पांढऱ्या वाक्यावर बसला. शहादेव माथ्यावर पोचला की चाक थांबायच्या आत चावी फिरवायचा. बद्रीनाथ त्याला रोज सांगायचा.

"आरं बद्री," शहादेव म्हणायचा, "बावीस वर्षं गाडी हाकली मी. उभ्या गाडीनं डिझेल पिलेलं मला बघवत न्हाई."

महिन्याभरात माझा धूर निळसर झाला. बद्रीनाथनं हवेची नळी काढून टर्बोचं चाक बोटानं हलवलं. ते डगडगत होतं. तो सुंदररावांकडे गेला. "दोन दिवस गाडी उभी करा, साहेब. टर्बोच्या दांड्याला नवा बुश टाकतो."

"परवा पाहणीला अधिकारी येनारेत. तेवढं होऊ दे."

बद्रीनाथ 'बरं' म्हणाला. त्यानं एक ओलं पोतं शहादेवच्या सीटखाली ठेवलं. "आवाज चढत गेला आन् चावीनं थांबला न्हाई, तर ह्ये हवेच्या नळीच्या तोंडात कोंब. श्वास तोडल्याबिगर ते थांबनार न्हाई."

पाहणीच्या सकाळी जीप धुतली, तेव्हा अधिकाऱ्यांना घाण दिसू नये म्हणून शहादेवनं ते पोतं काढून टाकलं.

शेवटच्या वळणाखाली टर्बोचं तेल अडवणारं सील गेलं. माझंच तेल हवेबरोबर माझ्यात ओढलं जाऊ लागलं आणि डिझेलसारखं जळू लागलं. जितका मी जोरात फिरलो, तितकं जास्त तेल आलं. शहादेवनं चावी फिरवली. मी थांबलो नाही. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. आयुष्यभर मला वेळेआधी बंद करणाऱ्या त्या हाताला त्या दिवशी मी बंद होईना. त्यानं सीटखाली हात घातला. तिथं काही नव्हतं. मग तो गिअर काढून, उडी मारून पळाला. वस्तीवरच्या बायकांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले. माझ्या एका पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि कूस फोडून बाहेर आला.

अहवालात लिहिलं गेलं : इंजिन जुने होते.

मला पुन्हा बद्रीनाथच्या गोठ्यात आणलं, आणि चौथ्या दिवशी वस्ती उतरू लागली. छत्तीसपैकी एकतीस घरांना कड्या लागल्या. सुभद्राबाई गाठोडं घेऊन इथं गोठ्यात आली आणि माझ्याजवळ बसलेल्या बद्रीनाथला म्हणाली, "केलतं ते चांगलं केलतं तू. पर चारचौघांत 'थांबा' म्हनता आलं न्हाई तुला."

मी जुना होतो, हे खरं. पण माझ्या रिंगा नव्या होत्या, मित्रांनो, आणि मला फक्त दोन मिनिटं हवी होती. राबून आलेल्याला, मग तो यंत्र असो, बैल असो की माणूस, ती द्यायला शिका. आणि कोणी द्यायचं नाकारलं, तर मोठ्यानं सांगायलाही शिका.

पाण्याची टाकी आता माझ्यासमोर अंगणात पडून असते. उन्हानं फोटो सोलून निघाला आहे. सुंदररावांचे जोडलेले हात तेवढे एका कोपऱ्यात उरले आहेत. फोटोमागचं पांढरं वाक्य पुन्हा स्पष्ट दिसतं, पण माथ्यावर आता घागर घेऊन येणारं फारसं कोणी उरलं नाही. तुम्ही तरी ते वाचा.