भिंत होती तिथून

घरोघर जाऊन केस कापणाऱ्या त्या बाईला सगळे कात्रीमावशी म्हणत. ज्यांना अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठवत नाही, अशांचे केस ती त्यांच्या घरी जाऊन कापायची. कात्री, दोन कंगवे, आरसा, पांढरा कपडा, सगळा संसार एका पिशवीत. निम्मा जन्म बसची वाट बघण्यात गेलेला. दिवसाकाठी तीन डोकी झाली की पाय बोलायला लागायचे.

तिच्या सुनेने बॅटरीवरची सायकल घेतली होती. सुनेला सातवा महिना लागला आणि सायकल जिन्याखाली धूळ खात उभी राहिली.

"आई, तुम्हीच न्या ना ती."

"मी? चोपन्न वर्षांची बाई सायकलवर? लोक हसतील."

"हसू देत की. ते हसेपर्यंत तुम्ही पुढच्या चौकात असाल."

पहिल्या दिवशी सून पोटावर हात धरून कडेला उभी राहिली आणि मावशीने देवाचं नाव घेऊन पायडल मारलं. सायकल हळूच पुढे सरली, ढकलल्याशिवाय, आवाजाशिवाय. जन्मभर अंगावर येणारा रस्ता जणू आज तिच्या बाजूने झाला. कोपऱ्यावरून वळून परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "वारा लागला," ती म्हणाली.

मग शहरच बदललं. म्हणजे शहर होतं तिथेच होतं, पण त्याची अंतरं वितळली. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती झाडांच्या सावल्यांवरून तरंगत जायची; सावली, ऊन, सावली, ऊन. कुणाच्या स्वयंपाकघरातली फोडणी, कुणाच्या गॅलरीतली ओली चादर, बंद दारामागून येणारा पेटीचा सूर, बसमध्ये कधीच न आलेलं हे सगळं आता तिच्या वाट्याला येऊ लागलं. सिग्नलला तिच्यासारखेच आणखी असायचे: गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली डॉक्टरीण, मागे दोन पोरं बसवलेला बाप, टाय खिशात कोंबलेला बँकवाला. महिन्यागणिक त्यांची संख्या वाढत होती. "तुमची एका चार्जिंगला किती जाते?" असं एकमेकांना प्रकृती विचारल्यासारखं विचारायचे, आणि दिवा हिरवा झाला की सगळे मिळून निःशब्द निघायचे, पाखरांचा थवा उडावा तसे.

टेकडीवर नकाशेवाल्या बाई राहायच्या. वय ब्याऐंशी. शहराचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. कंबरेचं हाड मोडल्यापासून चार वर्षं त्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. पूर्वी टेकडी चढायच्या धास्तीने मावशी तीन महिन्यांतून एकदा जायची. आता पंधरा दिवसांनी जाऊ लागली.

"कुठल्या रस्त्याने आलीस?" बाई डोळे मिटून विचारायच्या. मावशी कात्री चालवता चालवता सांगायची आणि बाई मनातल्या मनात तिच्यामागून चालायच्या.

"दवाखान्यामागचा चढ कसा चढलीस? भलताच उभा आहे तो."

"कळलाच नाही हो मला."

"कळला नाही म्हणजे?" बाई चिडायच्या. "मोजलाय मी तो!"

एकदा मावशी म्हणाली, "आज गिरणीमागच्या गल्लीतून थेट तळ्यावर निघाले."

बाईंनी डोळे उघडले. "शक्य नाही. ती गल्ली बंद आहे. शेवटी भिंत आहे. मी स्वतः नकाशात काढलीय."

"होती, बाई. सायकलवाल्यांची वर्दळ इतकी वाढली की ती फोडून वाट काढलीय. मधोमध."

कात्री थांबली, कारण बाईंचं डोकं हलत होतं. त्या रागावल्या असाव्यात असं मावशीला वाटलं. पण आरशात पाहिलं तर बाई लहान मुलीसारख्या रुसल्या होत्या.

"मला न विचारता?" त्या म्हणाल्या. मग अगदी हळू: "मला बघायचीय ती."

बाईंची मुलगी ऐकेना. "आईला साधं जिन्यावर नेताना माझा जीव वरखाली होतो. पडलीबिडली तर?"

"मी माझा जीव वरखाली होऊ देत नाही ना? मग झालं तर," बाई आतून ओरडल्या.

शेवटी मावशीने पाववाल्याला गाठलं. तो बॅटरीवरच्या तीनचाकी सायकलवरून घरोघर पाव पोचवायचा. पुढे मोठी लाकडी पेटी. "पाव दबत नाहीत माझ्या गाडीत," तो म्हणाला, "बाई कशाला दबतील?" रविवारी दुपारी पेटीत गादी घातली, पट्टा बांधला, मुलीने शालीत गुंडाळून बाईंना बसवलं आणि स्वतः तोंड फिरवून घरात गेली.

गाडी उतरणीला लागली. मावशी शेजारून आपली सायकल चालवत होती. बाईंचे ओठ हलत होते. गल्ल्यांची नावं पुटपुटत असाव्यात. गिरणीमागे वळल्यावर पुढे अंधारी गल्ली, आणि तिच्या टोकाला उजेडाची उभी फट. फट मोठी होत गेली, आणि पलीकडे तळं पसरलं, दुपारच्या उन्हाने पांढरं झालेलं.

"थांबवा."

भिंतीच्या तोडलेल्या कडेवरून बाईंनी तळवा फिरवला. विटा अजून खरखरीत होत्या. सायकली येत होत्या, जात होत्या, घंटी हलकेच वाजवत; बहुतेक सगळे म्हातारीकडे बघून हसत होते.

"रुंदी किती?"

मावशीने पावलं टाकली. "पाच. माझी पाच."

बाईंनी पाववाल्याकडून पेन्सिल मागितली आणि कागदी पिशवीवर दोन रेघा ओढल्या. दोन्हीकडे भिंत, मध्ये मोकळी जागा. रेघ सरळ आली. "माझी चूक नव्हती बरं का," त्या म्हणाल्या. "तेव्हा भिंतच होती."

परतीच्या चढावर पाववाल्याने बॅटरीचा जोर वाढवला. मोटार गुणगुणू लागली आणि एवढं ओझं घेऊनही गाडी अलगद वर निघाली. मध्यावर मावशीने वाकून पाहिलं. बाई झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, पिशवी छातीशी.

दारात मुलगी उभी होती. डोळे सुजलेले. ती धावत पुढे आली, आईकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

"उठवू?" मावशीने विचारलं.

मुलीने नको अशी मान हलवली. तिने खाली बसून पेटीवर कोपर टेकला आणि आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. चार वर्षांत तिने आईला उघड्यावर झोपलेलं पाहिलं नव्हतं.

"माझे पाव द्यायचे राहिलेत," पाववाला कुजबुजला. आणि मग गाडी आणखी थोडी सावलीत सरकवून तोही पायरीवर बसला.