भूक गिळणारा अंगारा

भाजे गावच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रातली सातवी माळ. पाटावर माझी थोरली जाऊ येसूबाई बसलेली. सात दिवस पोटात अन्नाचा कण नाही आणि तोंडावर हसू. बायका तिच्या पायांवर डोकी ठेवत होत्या.

"भूक म्हंजी मायेचं भूत!" तृप्तीनाथबुवा गरजले. "आमच्या चिमूटभर अंगाऱ्यानं पळतं!"

"मग तुमी दोन येळा का जेवता, म्हाराज?" शेजारच्या म्हाताऱ्या झुंबरबाईनं विचारलं.

"भक्तांची समदी भूक आमच्या पोटात येती, मावशी. ती कुनी भागवायची?"

लोकांनी हात जोडले. मला हसू आलं नाही. मी जळत होते. सासूबाई येसूबाईला स्वतः वारा घालत होत्या. माझ्या बाळंतपणात त्या हातांना पंखा सापडला नव्हता.

म्हणून तर चौथ्या माळेपासून मीही जेवण सोडून अंगारा घेत होते. मांडीवर पाच महिन्यांची छबी. भूक खरंच मरायची, पण दूधही आटत चाललं. पोर ओढून ओढून रडायची, आणि मी तिला थोपटत जावेच्या मानाकडं बघायची.

त्या संध्याकाळी अंगारा वाटीतल्या घोटभर पाण्यात टाकला आणि छबी रडली. पाण्यात टाकला की डोळे मिटून लगेच प्यायचा, बघत बसायचं नाही, असा बुवांचा नेम. मी पोरीला घेऊन बसले. परतले तर वाटीत पाणीच नव्हतं. करडा, बुळबुळीत गोळा. वाटी पालथी केली तरी पडेना.

माझा भाऊ गोरख पुण्याला औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत होता. सणाला आलेला. त्यानं गोळा बोटांत चोळला.

"इसबगोलाचा भुसा, राखेत कालवलेला. पोटात फुगतो, म्हणून भूक कळत नाही."

"तुमीबी भूक मारायचंच औषध करताय ना, दादा?"

"करतोय, फार लठ्ठ माणसांसाठी. आतड्यात खरं अन्न उतरलं, की आतडं रक्तातून निरोप धाडतं, पोट भरलं म्हणून. त्या निरोपाची शरीरात ठरलेली जागा असते, कुलपाला खाच असते तशी. त्या खाचेत बसेल असं रसायन आम्ही घडवतोय. शेकडो करून पाहिली. एक बसलं, तर उंदीर आजारी पडले. पुन्हा पहिल्यापासून! आणि हा बुवा चिमटीत देतो? सरू, भूक कळली नाही म्हणून शरीराची गरज संपते का? तुझ्या दुधाला विचार."

आठव्या माळेला छबीला कडेवर घेऊन देवळापुढं गेले. झुंबरबाईनं बायकांकडच्या अंगाऱ्याच्या पुड्या गोळा करून पातेल्यातल्या थोड्या पाण्यात रिकाम्या केल्या.

"बघू नगा! कोप हुईल!" बुवा ओरडले.

"हू द्या. आमी बसलोय," झुंबरबाई म्हणाली.

घटकाभरानं मी पोरीला तिच्याकडं दिलं, पातेलं उचललं आणि बुवांच्या डोक्यावर उपडं धरलं. बुवा दचकून मागं सरकले. थेंब पडला नाही.

"जळतीस तू माझ्यावर!" येसूबाई किंचाळली.

"व्हय, जाऊबाई, लय जळते. पर पातेलं न्हाई ना जळत कुनावर. त्यात बघा."

तिनं बघितलं. पोटावर हात ठेवला. उठायला गेली आणि झोकांडली. मी तिला धरलं. अंग पिसासारखं हलकं लागलं. मग मात्र माझी जळजळ कुठल्या कुठं गेली. माझ्याच हातानं तिनं पेज घेतली, उरलेली मी प्याले. पुढं चार दिवसांत माझं दूध परत आलं आणि छबी पोटभर पिऊन झोपली.

बायांनो, भूक हे भूत नव्हे, शरीराचं खरं बोलणं आहे. ते ऐका. आणि कुणी चमत्कार हातात दिला, तर वाटी घटकाभर खाली ठेवा. ज्याच्याकडं बघायची बंदी, त्याच्याकडंच आधी बघा.