गबाळ्याचा खाऊ

धाकटीने साचा पिठावर ठेवून तळहाताने दाबला. हाडाच्या आकाराचा तुकडा सुटून वर आला, पण कडेला तडकलेला.

"कोरडं झालंय," ओव्हनपाशी वाकलेली वहिनी मागे न बघताच म्हणाली. "चमचाभर भोपळा घाल अजून. आणि वन्सं, राग पिठावर काढू नका. ते बिचारं काय उलट बोलणार!"

"मला कसला राग?"

"लाटण्याचा आवाज ऐकून खालचे वर येतील, कोणाला बडवताय म्हणून."

धाकटी हसली. हे हसणं तिला आता जमू लागलं होतं. वन्सं ही वहिनीची लग्नापासूनची गंमत. एरवी घरातल्या सगळ्यांसारखी तीही नणंदेला धाकटीच म्हणायची. धाकटीने उकडून कुस्करलेला भोपळा पिठात घातला, मळलं, पुन्हा लाटलं. ओटचं पीठ, अंडं, भोपळा, शेंगदाण्याचं वाटण. साखर नाही, मीठ नाही. मंद आचेवर इतका वेळ ठेवायचं की मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. वाकलं तर ट्रे पुन्हा आत. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट वहिनी स्वतः चावून बघायची. गिऱ्हाइकांसमोरही चावायची. "मी खाते तेच तुमच्या बाळाला देते," म्हणायची, आणि गिऱ्हाईक तिथल्या तिथे तिचं होऊन जायचं.

दादा दाराशी आला. थंड होत असलेल्या ट्रेमधलं एक उचलून त्याने हुंगलं.

"मला चालेल का गं हे?"

"न चालायला काय झालं? उद्यापासून तुझंही ताट खालीच लावते," वहिनी म्हणाली.

दादा हसला. मग त्याचं लक्ष धाकटीकडे गेलं, आणि बिस्किट जागेवर ठेवून तो बाहेर निघून गेला. बाबा गेल्यापासून तो तिच्यासोबत एका खोलीत फार वेळ थांबत नसे.

बाबांची खोली आता पाकिटांची झाली होती. पलंग भिंतीला सरकवून त्यावर खोके रचले होते. प्रत्येक पाकिटावर गबाळ्याचा फोटो: एक कान उभा, एक मुडपलेला, आणि डोक्यावर एक म्हातारा हात. बाकीचे बाबा कापून टाकले होते. वर ठळक अक्षरात 'गबाळ्याचा खाऊ'. मागच्या बाजूला वहिनीने लिहिलेला मजकूर: आमचे बाबा गेले आणि त्यांच्या मागोमाग, आठवड्याच्या आत, त्यांच्या गबाळ्यानेही प्राण सोडला. त्या मायेची ही आठवण. लोक तो मजकूर वाचून डोळे पुसायचे आणि दोन पाकिटं जास्त न्यायचे.

गबाळ्या मेला नव्हता. हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

बाबा दवाखान्यात असताना वहिनीने त्याला देऊन टाकलं होतं. दिवसभर तो दाराला नाक लावून रडायचा, खालचे तक्रार करायचे, आणि घर, दवाखाना, डबे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. धाकटी दुसऱ्या गावाहून धावत आली तेव्हा कुत्र्यांच्या डॉक्टरकडचा मदतनीस त्याला घेऊन गेलेला होता. कुठे, ते वहिनीने विचारलं नव्हतं. "चांगलं घर बघा एवढंच सांगितलं. बाबांना इतक्यात बोलू नकोस हां. बरे होऊन आले की बघू," ती म्हणाली होती, आणि धाकटीला ते तेव्हा पटलंही होतं.

पण रोज संध्याकाळी बाबांना गबाळ्याशी बोलायचं असे. वहिनी घरून फोन लावायची, बाबा विचारपूस करायचे, आणि पलीकडून भुंकणं यायचं. एके दिवशी फोन ठेवल्यावर ते चष्मा पुसत राहिले.

"तो घरी नाही," ते म्हणाले.

"काहीतरीच काय बाबा! आत्ता तर भुंकला."

"रोज तसाच भुंकतो. चार वेळा भुंकतो, मग मागे कुठलं तरी झाकण पडतं. रोज कसं गं पडेल झाकण?"

धाकटीच्या हातातलं संत्रं अर्धवट सोललेलं राहिलं. मोबाइलवर भरून ठेवलेलं भुंकणं. हे तिलाही माहीत नव्हतं.

"मग तुम्ही वहिनीला विचारलं का नाही?"

"काय विचारू? फोन लावते बिचारी आठवणीने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पुन्हा फोन कानाला लावला, ते भुंकणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि "शहाणा गं माझा. जेव हां," असं त्याला सांगितलं. त्यानंतरही ते रोज सांगत राहिले. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा.

वहिनीने कुत्रा दिला, हे धाकटीने एखाद वेळेस पोटात घातलंही असतं. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी "कुत्रा दिसत नाही" म्हटल्यावर "तोही गेला हो" म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला, तेही. पण बाबांच्या तोंडचं ते 'बिचारी' धाकटीच्या घशात जे अडकलं ते अडकलंच. वहिनीशी भांडण्यात अर्थ नव्हता. बोलण्यात तिला कोणी हरवलेलं नव्हतं. म्हणून धाकटी नोकरीवर लांब रजा टाकून राहिली, एप्रन बांधला आणि म्हणाली, "मी मदत करते."

पाकिटं घरपोच द्यायचं काम तिने मागून घेतलं. कुत्री पाळणाऱ्यांची घरं तिला धुंडाळायची होती. पण गबाळ्या सापडला तो गावाबाहेरच्या नर्सरीत. तिथल्या काकांनी फोनवर मागणी नोंदवली होती. कुंड्यांच्या रांगेआडून तो आला, थबकला, आणि दुसऱ्या क्षणी ती ओल्या मातीत बसलेली होती आणि तिचे दोन्ही कान चाटून झाले होते.

"आमचा मुकादम हा," काका टोपी सारखी करत म्हणाले. "पाणी घालायला कोणी चुकलं की भुंकतो. कोणाच्या अंगाशी जात नाही हो एरवी. तुम्हाला कुत्र्यांचा नाद दिसतोय."

"हो," ती त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "आवडतात मला."

तेव्हाच मागता आला असता. काकांनी दिलाही असता. पण मग वहिनीने नवी गोष्ट रचली असती: सापडला हो, बाबांनीच पाठवला! पुढच्या पाकिटांवर तेच छापून आलं असतं. नाही. आधी वहिनी, मग गबाळ्या, हा क्रम धाकटीने नर्सरीतून निघतानाच ठरवला. चारचौघांत, वहिनी ती गोष्ट सांगत असताना, तो समोर यायला हवा. तिला बघून तो दबेल, शेपूट आत घेईल, मागे सरेल. लोक एकदा पाकिटाकडे बघतील, एकदा त्याच्याकडे. मग त्याला घेऊन सरळ आपल्या घरी.

"रविवारी मैदानावर पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन आहे," ती काकांना म्हणाली. "याला घेऊन या. खाऊ तिथेच देते, माझ्याकडून." फोटोची पाकिटं तिने पिशवीबाहेर काढलीच नव्हती.

रविवारी मैदान कुत्र्यांनी आणि त्यांच्या माणसांनी भरून गेलं. वहिनीच्या टेबलापुढे गर्दी हटत नव्हती. तिने नवी साडी नेसली होती आणि आवाज लागला होता.

"घ्या हो, वास तर घेऊन बघा. तुमच्या मांजरालाही आवडेल. फक्त ते कबूल करणार नाही."

लोक हसले. चष्मेवाल्या एका बाईंनी पाकीट उलटं करून मजकूर वाचायला घेतला.

"अगंबाई. खरंच आठवड्याच्या आत?"

"काय सांगू तुम्हाला," वहिनीचा आवाज खाली आला. "बाबा गेले आणि याने अन्नच टाकलं. मी मांडीवर घेऊन बसायची, भरवायची. नाही म्हणजे नाही. शेवटी माझ्याच मांडीवर..."

धाकटीने गर्दीवरून पाहिलं. फाटकातून काकांची टोपी आत येत होती. पट्टा हाताला गुंडाळून ते दोन्ही बाजूंची टेबलं बघत सावकाश येत होते. तिने हात वर केला.

गबाळ्याने आधी नाक वर उचललं. मग पट्टा काकांच्या हातातून सुटला. लोकांच्या पायांमधून, टेबलाच्या खालून तो आला आणि मागे सरला नाही, दबला नाही. त्याने दोन्ही पाय वहिनीच्या छातीवर टाकले. तोंडातून बारीक, लहान मुलासारखा आवाज काढत तो तिचा चेहरा, हनुवटी, बिस्किटांचा चुरा लागलेले हात, मिळेल ते चाटत सुटला. आनंद आवरेना म्हणून साडीवर थोडं मुतलाही. धाकटी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. सहा वर्षं त्याला रोज दोन वेळा जेवण कोणी वाढलं, हे तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

"अहो, हा तर पाकिटावरचाच!" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"छे हो. असे... असे पुष्कळ दिसतात," वहिनी म्हणाली. पण तिची बोटं आपोआप त्याच्या मुडपलेल्या कानामागे गेली होती आणि तिथे खाजवत होती. ती गवतावर बसली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "किती वाळलास रे."

बाईंनी पाकीट टेबलावर परत ठेवलं. मागचे दोघे-तिघे पुढे सरकायचे थांबले. दादा रिकाम्या खोक्याच्या घड्या घालत होता. त्याने मान वर केली नाही.

हे असंच व्हायला हवं होतं, आणि असं अजिबात नाही. वहिनीला शिक्षा करायला आणलेलं जनावर तिला माफ करून बसलं होतं, कोणालाही न विचारता.

काका धापा टाकत आले. "मुकादम! अरे, अंगावर काय चढतोस बाईमाणसाच्या!" मग त्यांनी नीट पाहिलं, टेबलावरच्या पाकिटांकडेही पाहिलं, आणि टोपी काढली. "तुमचा आहे का हा? मला कुत्र्यांच्या दवाखान्यातून दिला, कोणी नाही म्हणून. जीव लागलाय माझा, खोटं कशाला बोलू. पण तुमचा असेल तर न्या. तो स्वतःच सांगतोय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?"

वहिनीने काकांकडे बघितलं नाही. तिने धाकटीकडे बघितलं. तिच्याजवळ एकही शब्द नव्हता, हे धाकटी पहिल्यांदाच बघत होती. एवढंच मागत होती ती: तू बोल. तू हो म्हण. उरलेलं आपण घरी गेल्यावर बघू.

"आमचा गबाळ्या वारला, काका," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला. "बाबांच्या मागोमाग. वहिनी आत्ता तेच सांगत होती. हो ना गं, वहिनी?"

गर्दी वाट बघत होती. गबाळ्याने वहिनीच्या मांडीवर डोकं टाकलं होतं आणि त्याची शेपटी गवतावर आपटत होती.

"हो," वहिनी म्हणाली. "आमचा वारला."

काकांचा चेहरा खुलला. तो आनंद त्यांना लपवता आला नाही. "देव तुमचं भलं करो. चल रे मुकादम." त्यांनी पट्टा उचलला. गबाळ्या उठेना. ओढला तर त्याने चारही पाय रोवले. शेवटी काकांनी त्याला पोत्यासारखं उचलून खांद्यावर घेतलं आणि तो त्यांच्या पाठीवरून मागे, टेबलाकडे, बघत राहिला.

धाकटीला तेव्हा कळलं की क्रमातलं दुसरं, गबाळ्याला घरी नेणं, आता राहिलं नाही.

"धाकटे," वहिनी खालूनच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चुरा आणि लाळ होती, आणि ती पुसत नव्हती. "थांबव त्यांना. माझं काय ते होऊ दे. मी सांगते सगळ्यांना. तू फक्त थांबव."

काका अजून फाटकाच्या अलीकडेच होते. एका हाकेवर.

धाकटीने टेबलाखालचा खोका ओढला आणि त्यातली पाकिटं काढून रांगेत लावू लागली. एकेक पाकीट तिला दोनदा उभं करावं लागत होतं.